साडेतीन किलोचा राजा

दर मार्चमध्ये नॉर्वेत बर्फावर स्कीची एक लांब पल्ल्याची शर्यत होते. तिचं नाव बिर्केबायनर. रेना या गावातून निघायचं आणि मधला डोंगराळ मुलूख ओलांडून लिलेहामरला पोचायचं. अंतर ५४ किलोमीटर. लांबीच बघायची तर स्वीडनमधली वासालोपेट ९० किलोमीटरची आहे, तिच्यापुढे ही धाकटी बहीण. पण या धाकटीचा एक नियम मला फार आवडतो. प्रत्येक स्पर्धकाच्या पाठीवर कमीतकमी साडेतीन किलोची सॅक असलीच पाहिजे. खाणंपिणं त्या वजनात धरत नाहीत, म्हणजे वाटेत खाऊन ओझं हलकं करायची सोय नाही!

हे ओझं कशाचं? एका बाळाचं. ते बाळ म्हणजे हाकोन हाकोनसन. त्याचा जन्म १२०४ सालचा, आणि जन्माआधीच वडील, राजे तिसरे हाकोन, वारलेले. देशात यादवी माजलेली. राजाच्या बाजूचे ते बिर्केबायनर, म्हणजे भूर्जाची साल पायांना गुंडाळणारे. इतके दरिद्री की पायांत घालायला धड काही नाही, म्हणून शत्रूंनी हिणवून ठेवलेलं हे नाव. बाळ शत्रूच्या हाती लागलं तर संपलंच. म्हणून १२०६ च्या हिवाळ्यात तोरस्टाइन शेवला आणि शेर्वाल्ड स्क्रुक्का या दोन पटाईत स्कीवाल्यांनी त्याला घेऊन लिलेहामरकडून डोंगरापलीकडच्या खोऱ्यात नेलं. पुढे १२१७ मध्ये तेच बाळ नॉर्वेचा राजा झालं. शर्यत १९३२ पासूनची, आणि आता ती उलट दिशेने धावते.

आता कुणी म्हणेल, आजींना हिशोब येत नाही का? दीड वर्षाचं मूल आणि वजन साडेतीन किलो? हे तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं वजन झालं. बरोबर आहे. खरं वजन तिपटीच्या आसपास असणार. पण ओझं प्रतीकाचं असलं तरी खोटं नाही. ओट्यावरून साडेतीन किलोचा डबा उचलून ठेवणं वेगळं, आणि तेच वजन पाठीवर घेऊन स्क्रामस्टाड, क्वार्स्टाड करत मिडफिएलचा चढ चढणं वेगळं. तिथे खांदे बोलायला लागत असतील. पुढे शुशोएन आणि मग लिलेहामरकडचा उतार. उतारावर थकलेले पाय आणि पाठीवर हलणारं वजन... तोल सांभाळणं आलंच.

काहींना ही सॅक म्हणजे निव्वळ नाटक वाटतं. खेळ म्हटला की वेग बघावा, इतिहास कशाला पाठीवर लादायचा? मला हे पटत नाही. त्या दोघांच्या हातात घड्याळ नव्हतं. ते किती वेळात पोचले यावर काही अवलंबून नव्हतं, मूल जिवंत पोचलं यावर सगळं अवलंबून होतं. ते ओझं काढून टाकलं तर उरेल फक्त ५४ किलोमीटर बर्फ. तसा बर्फ नॉर्वेत कुठेही मिळतो.

शिवाय त्या सॅकेत गरम कपडे भरले तर ते उपयोगीही पडतात. डोंगरमाथ्यावरचा वारा कुणाची भीड ठेवत नाही. २०१४ मध्ये वाऱ्यामुळे शर्यतच रद्द करावी लागली होती. म्हणजे आठशे वर्षांत माणसाची साधनं बदलली, डोंगर तोच आहे.

पुतळा उभारला की आपण हार घालतो आणि घरी येतो. पुतळ्याचं वजन चौथऱ्यावर पडतं, आपल्यावर नाही. इथे गोष्ट ज्याला आठवायची आहे त्याला ती वाहावी लागते. पाठ करून आलेला इतिहास आणि पाठीवरून आलेला इतिहास यांत फरक आहे, हे मला वर्गात उभं राहून फार वर्षं दिसलेलं आहे.

पण एक गोष्ट मला खुपते. १८६९ मध्ये क्नूद बेर्ग्सलीन या चित्रकाराने त्या प्रसंगाचं चित्र काढलं. ते नॉर्वेत घरोघरी माहीत आहे. दोन तगडे पुरुष, ढाल, भाला, कडेला बाळ. बाळाची आई चित्रात नाही. तिचं नाव इंगा. त्या प्रवासाच्या मंडळींत तीही होती. पुढे हा मुलगा राजाचाच आहे हे सिद्ध करायला १२१८ मध्ये तिला तापलेलं लोखंड हातात धरून दिव्य करावं लागलं, मुलगा गादीवर बसल्यानंतर! आणि या शर्यतीत बायकांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७६ मध्ये, म्हणजे ४४ वर्षांनी.

बाळाचं ओझं मोजायला साडेतीन किलो ठरवता आले. आईच्या काळजीचं वजन कुठल्या काट्यावर भरणार? ते भरता येत नाही म्हणून ती गोष्टीतून गळते. माझं म्हणणं एवढंच, की सॅक राहू दे, एक ग्रॅमही कमी करू नका. फक्त ती कुणाची आठवण आहे हे सांगताना दोन नावांऐवजी तीन घ्या. इंगाचं नाव घेतल्याने कुणाची सॅक जड होणार नाही.