चंक्रमण आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य

दहावीचे वर्ष आले की निवासी शाळांच्या वेळापत्रकात पहिली कात्री लागते ती मैदानाच्या तासाला. पुष्कळदा पालकच तसा आग्रह धरतात. उसाच्या फडात, वीटभट्टीवर राबून त्यांनी मुलांना शिकायला पाठवलेले असते. मुलांनी तेथे घाम गाळत हिंडावे, हे त्यांच्या मनाला पटत नाही. या भावनेचा आम्ही आदर करतो. तरीही हा तास कापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्याचे कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतीत दडलेले आहे.

रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिच्या आतल्या अंगाला केवळ एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. वैद्यकात त्याला एंडोथेलियम म्हणतात. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करून दाखवले, की अस्तर शाबूत असेल तरच अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्याने धमनी सैलावते; ते खरवडले गेले असेल तर सैलावत नाही. अस्तरातून स्रवणारा तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू होय, हे पुढे सिद्ध झाले. या संशोधनासाठी १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना मिळाले.

आपण भरभर चालतो, धावतो, सायकल चालवतो तेव्हा रक्ताचा ओघ वाढतो आणि तो अस्तराला घासत पुढे जातो. हे घर्षणच अस्तराला नायट्रिक ऑक्साइड निर्माण करण्याची चेतना देते व वाहिनी रुंदावते. हे नित्य घडू लागले की अस्तराची ती क्षमताच वाढते. रक्तदाबाच्या रुग्णांत नियमित एरोबिक व्यायामाने वरचा आकडा सरासरी ५ ते ८ अंकांनी उतरतो. (डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी मात्र कोणी सोडू नये.) ही कमाई साठवून ठेवता येत नाही, व्यायाम थांबला की काही आठवड्यांतच ती ओसरू लागते. शाळेत जिंकलेल्या शर्यतींवर पन्नाशीतला माजी विद्यार्थी निभावून नेऊ शकत नाही.

जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असत, वाहक तिकिटांसाठी जिने चढत-उतरत. हृदयधमन्यांचा विकार वाहकांत कमी आढळला. चालक मुळातच अंगाने स्थूल असत, हेही मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीच पुढे दाखवले. तथापि नंतरच्या अनेक अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला पुष्टीच दिली.

हा दाखला आमच्या समाजाला विशेष लागू आहे. आमच्या आज्यापणज्यांचे चालणे सक्तीचे होते. उपाशीपोटी, विश्रांतीवाचून केलेली ती वेठ आरोग्यदायी होती, असे कोणी म्हणू नये. परंतु त्या स्मृतीमुळेच पायी चालणे आम्हांला दारिद्र्याची खूण वाटू लागले आहे. खुर्ची मिळाली, ती हक्काची आहे. पण बँकेत, कचेरीत, वर्गात आयुष्य काढणारे आमचे कितीतरी बांधव कोपऱ्यावरच्या दुकानातही दुचाकीवर जातात!

वास्तविक तथागतांनी भिक्खूंना चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची क्षमता, परिश्रमाची क्षमता, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि टिकाऊ समाधी. अंगुत्तर निकायात हे सुत्त आहे. म्हणजे ध्यान आणि चालणे यांत विरोध तर नाहीच, उलट दुसरे पहिल्याला साहाय्यक आहे. मग अभ्यासालाच ते मारक कसे ठरावे?

बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्याकडे अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. त्यामागची प्रेरणा आम्हांला वंदनीय आहे. पण बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने किती पोखरले होते आणि वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, हेही मुलांना सांगितले पाहिजे. सलग काही तास बसून राहिल्याने पायांच्या धमन्यांची रुंदावण्याची शक्ती घटते, आणि मध्ये मध्ये उठून चालल्यास ही घट टळते, असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा त्या दिवशीही तासातासाला पाच मिनिटे सर्वांनी आवारात फेरी मारावी.

जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे आणि प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. वसतिगृहाने हा तास दहावीसह सर्व इयत्तांना ठेवावा. मुलींना तो मुलांइतकाच मिळावा. मैदान मुलांचे आणि झाडलोट मुलींची, ही वाटणी धम्माला धरून नाही. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला देणगी देताना एखादी खोली कमी बांधली तरी चालेल, पण मैदानाची जागा बांधकामाखाली जाऊ देऊ नये.