डब्लिनमधली इंग्रजी वर्गाबाहेरच
आयर्लंडला इंग्रजी शिकायला जाणाऱ्यांत ब्राझीलचे तरुण मोठ्या संख्येने असतात. नियम असा : किमान २५ आठवड्यांचा अभ्यासक्रम, ८ महिन्यांचा परवाना, सत्र चालू असताना आठवड्याला २० तास कामाची मुभा. पण बाकावर शेजारी पोर्तुगीज बोलणाराच, भाड्याच्या खोलीतही तेच! एकाच देशाची मुले एका वर्गात कोंबणाऱ्या शाळा नेमकी कशाची फी घेतात?

इंग्रजी खरी कानावर पडते ती कॅफेच्या मोरीपाशी. पोलिश आचारी, मेक्सिकन वेटर आणि डब्लिनकर गिऱ्हाईक यांच्यात दुसरी समाईक भाषाच नसते. तिथे ‘ग्रँड’ म्हणजे भव्य नव्हे, नुसते ‘ठीक आहे’, हे पहिल्याच आठवड्यात कळते. डब्लिनच्या घरभाड्याला मात्र ते २० तास पुरत नाहीत.