आधी पेट्रोलचा हिशोब, मगच नायट्रस

माझ्या गॅरेजमधल्या टेबलावर एक पिस्टन ठेवलेला आहे. त्याच्या माथ्याला एका बाजूनं करंगळी जाईल एवढं भोक आहे आणि भोकाची कड मेणासारखी ओघळून गोठली आहे. नायट्रस बसवायचंय म्हणून एखादा मुलगा आला की आधी तो पिस्टन त्याच्या हातात देतो, मग चहा मागवतो.

तो पिस्टन १.६ लिटरच्या एका पेट्रोल सेडानचा आहे. मालक हौशी, पै-पै साठवून गाडी घेतलेली. किट दुसरीकडे बसवून घेतलं होतं. तिसऱ्या रनलाच इंजिन गेलं. उघडून पाहिलं तेव्हा कारण सरळ होतं: गॅस आला, पण त्याच्या जोडीचं पेट्रोल आलं नाही.

म्हणून "काका, वेट घेऊ की ड्राय?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "जास्तीचं पेट्रोल कोण आणणार आहे?" वेट आणि ड्राय यांतला सगळा फरक या एका प्रश्नात आहे. तुम्हीही किटची किंमत बघण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिली गोष्ट, नायट्रस ऑक्साइड हे इंधन नाही. ते स्वतः जळत नाही. सिलिंडरमधल्या उष्णतेत, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे, ते फुटतं आणि त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनानं सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. शिवाय बाटलीतला द्रव बाहेर पडताच उकळतो आणि आत जाणारी हवा गारठवतो. गार हवा दाट, म्हणजे तेवढ्याच जागेत आणखी ऑक्सिजन. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लढाऊ विमानांच्या इंजिनांत नायट्रस सोडलं ते याचसाठी. उंचावरच्या विरळ हवेत इंजिनाचा दम टिकावा म्हणून.

पण ऑक्सिजन वाढला की पेट्रोलही वाढायलाच हवं. ५० हॉर्सपॉवरच्या शॉटला, म्हणजे नायट्रसनं तेवढी ताकद वाढवायला, दहा सेकंदांत पाव किलोच्या आतबाहेर नायट्रस लागतं आणि त्याच्या जोडीला साधारण अर्धा कप चहाएवढं पेट्रोल. तेवढं पेट्रोल वेळेवर पोचलं नाही की मिश्रण लीन होतं, तापमान चढतं, नॉकिंग सुरू होतं आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळायला लागतो. हे घडायला काही सेकंद पुरतात. ड्रायव्हरला त्या वेळी गाडी जोरात पळतेय एवढंच जाणवत असतं.

आता ड्राय सेटअप. यात नोझलमधून फक्त नायट्रस इनटेकमध्ये जातं. जास्तीचं पेट्रोल गाडीचे स्वतःचे इंजेक्टर टाकतात. याचा मोठा फायदा असा की मॅनिफोल्डमधून ओलं पेट्रोल वाहत नाही. आजच्या गाड्यांचे प्लॅस्टिकचे, लांब वळणावळणाचे मॅनिफोल्ड फक्त हवेसाठी घडवलेले असतात आणि ड्राय किट तो नियम मोडत नाही. प्रत्येक सिलिंडरला त्याचा इंजेक्टर मोजून पेट्रोल देतो.

पण हे काम इंजेक्टरला सांगायचं कोणी? आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मॅनिफोल्डमधला दाब बघून हवेचा अंदाज घेतो. नायट्रस आत आलं म्हणून तो दाब फारसा बदलत नाही, त्यामुळे ईसीयूला पत्ताच लागत नाही. पूर्वीची काही ड्राय किटं पेट्रोलच्या रेग्युलेटरवर बाटलीचा दाब देऊन पेट्रोलचा दाब वाढवायची. आताच्या बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, परतीची नळीच नसते, तिथे ती युक्ती चालत नाही. म्हणून ड्राय घ्यायचं तर ईसीयू ट्यून झालाच पाहिजे: नायट्रस सुरू असताना इंजेक्टर जास्त वेळ उघडा राहील आणि इग्निशन थोडं मागे येईल असा वेगळा मॅप हवा.

आणि इंजेक्टरमध्ये तेवढी जागा शिल्लक हवी. पूर्ण थ्रॉटलला, वरच्या आरपीएमला तो किती टक्के वेळ उघडा असतो ते स्कॅनरवर बघून घ्या. आधीच ८० टक्क्यांच्या आसपास असेल तर ड्रायसाठी जागा उरलेली नाही. मोठे इंजेक्टर आणि दमदार पंप घाला, नाहीतर हा विचार सोडा.

वेट सेटअपमध्ये दोन सोलेनॉइड असतात, एक नायट्रसचा, एक पेट्रोलचा. नोझलमध्ये दोन्ही एकत्र येऊन फवारा उडतो. इंजेक्टर लहान असले तरी अडत नाही, कारण किट आपलं पेट्रोल स्वतः आणतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला तर वेटच योग्य. तिथला मॅनिफोल्ड मुळात ओल्या मिश्रणासाठीच बनवलेला असतो.

धोका आहे तो नव्या मॅनिफोल्डमध्ये. हवा वळण सहज घेते, पेट्रोलचे थेंब जड, ते भिंतीला आपटतात आणि वळणात साचतात. एका सिलिंडरला जास्त, दुसऱ्याला कमी अशी वाटणी होते. साचलेल्या पेट्रोलला व्हॉल्व्हमागून ठिणगी मिळाली तर इनटेकमध्येच बॅकफायर होतो आणि प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड फुटतो. म्हणून वेटमध्ये नोझल थ्रॉटल बॉडीच्या जवळ हवा, शॉट लहान हवा, आणि कमी आरपीएमला तो कधीही सुरू होता कामा नये. मोठ्या शॉटची हौस असेल तर प्रत्येक सिलिंडरला वेगळा नोझल देणारं डायरेक्ट पोर्ट किट लागतं, आणि ते काम रविवारच्या दुपारी उरकायचं नसतं.

माझा सल्ला असा. इंजेक्शनची पेट्रोल गाडी, ट्यून होणारा ईसीयू आणि इंजेक्टरमध्ये जागा, असं तिन्ही असेल तर लहान ड्राय घ्या. ईसीयूला हात लावता येत नसेल किंवा इंजेक्टर आधीच थकलेले असतील तर लहान वेट, तोही मॅनिफोल्ड नीट पाहून. कार्ब्युरेटर असेल तर वेट. ८०–८५ हॉर्सपॉवरच्या १.२ लिटर इंजिनाला ५०चा शॉट म्हणजे निम्म्याहून अधिक ताकद एका झटक्यात. त्याच्या पिस्टन-रॉडचा विचार करा आणि २५–३५वर थांबा.

यानंतरची गोष्ट दोन्हींना सारखीच लागू आहे आणि आपल्या उन्हात ती फार महत्त्वाची. किटचे जेट, म्हणजे गॅस मोजून सोडणारी बारीक छिद्रं, साधारण ९०० ते ९५० पीएसआय बाटलीदाब धरून ठरवलेले असतात. नायट्रस ३६.४ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही. विदर्भातला मे महिना सोडा, पुण्यात एप्रिलच्या दुपारी उभ्या गाडीच्या डिकीत याहून जास्त ताप असतो. दाब चढला की गॅस जास्त सुटतो. पेट्रोल मात्र तेवढंच. सकाळी बरोबर लागलेलं किट दुपारी लीन होतं ते असं. बाटलीला प्रेशर गेज लावा, बाटली सावलीत ठेवा, आणि दाब ठरल्याहून जास्त दिसला तर रन रद्द करा. बाटलीची सुरक्षा नळी गाडीच्या बाहेर काढलेली असलीच पाहिजे; बंद गाडीत हा गॅस साठला तर श्वास कोंडून माणूस दगावू शकतो.

काही खर्च टाळायचेच नाहीत. पूर्ण थ्रॉटलशिवाय नायट्रस सुरू होऊ न देणारा स्विच. साधारण ३,००० आरपीएमच्या खाली आणि लिमिटरच्या जवळ ते बंद ठेवणारा विंडो स्विच. पेट्रोलचा दाब पडला की गॅस तोडणारा स्विच. वाइडबँड सेन्सर. एक पायरी थंड प्लग. दर ५० हॉर्सपॉवरला अंदाजे दोन अंश इग्निशन मागे. आणि साध्या पेट्रोलऐवजी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. एवढ्याचे पैसे नसतील तर किटचेही पैसे झालेले नाहीत असं समजा.

पहिल्या रननंतर इंजिन लगेच बंद करून प्लग काढा आणि भिंगातून बघा. पांढऱ्या चिनीमातीवर रांगोळीच्या कणांसारखे चमकते ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तिथेच थांबा. काजळी दिसली तर पेट्रोल जास्त झालं. ते सुधारता येतं. पिस्टन पुन्हा जोडता येत नाही.

शेवटचं, आणि हे मनापासून सांगतो. रस्त्यावरच्या गाडीत नायट्रस नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करू देत नाही. कलम १८२अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बाटलीलाही 'पेसो' या केंद्र सरकारच्या सुरक्षा संस्थेची मान्यता लागते, त्यांचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी रस्त्यावर पोरं खेळत असतात, म्हातारी माणसं रस्ता ओलांडत असतात. हौस आहे ना, मग धावपट्टीवर, मान्यता असलेल्या ड्रॅग शर्यतीत, हेल्मेट घालून, समोर मोकळा रस्ता आणि बाजूला अग्निशामक उभा असताना ती भागवा.

टेबलावरचा पिस्टन ज्या गाडीचा, तिचा मालक पुढच्या वर्षी पुन्हा आला होता. इंजिन बांधून झालं होतं आणि या वेळी हातात इंजेक्टरच्या नोंदींची वही होती. ती वही बघून मी त्याला किट बसवून दिलं. तुम्हीही याल तेव्हा वही घेऊन या.