संशय आणि सिद्धता

बजाजनगरात १५ मे २०२५ च्या पहाटे एका उद्योजकाच्या बंगल्यावर दरोडा पडला. घरातील मंडळी परदेशी गेलेली. साडेपाच किलो सोने आणि बत्तीस किलो चांदी गेल्याची फिर्याद झाली. वाळूजच्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या या वसाहतीत, जेथे बहुतेकांचा हिशोब महिन्याच्या पगाराशी संपतो, तेथे हे आकडेच मुळी गूढ वाटावे असे होते. पुढे अटका झाल्या, आणि २६ मेच्या रात्री एक प्रमुख संशयित पोलिसांच्या गोळीने मरण पावला. त्याने पथकावर हल्ला केला म्हणून गोळी झाडावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे. त्याच्या नातलगांना ते मान्य झाले नाही. शहरात लगेच दोन तट पडले. एक म्हणे, दरोडेखोर मेला, बरे झाले. दुसरा म्हणे, त्याला गप्प करण्यात आले. दोन्ही तटांची खात्री मात्र सारखीच होती, आणि आम्हास अस्वस्थ केले ते नेमके या खात्रीने.

तो माणूस अपराधी होता की नव्हता, याविषयी आम्ही मत देणार नाही. ते मत बनविण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवलेले असते त्यांच्यापुढे तो उभाच राहू शकला नाही. ‘पण सारे उघड दिसत असता आणखी काय तोलायचे?’ असे विचारणाऱ्या सुशिक्षित मित्रांची संख्या थोडी नाही. त्यांच्यासाठी आम्ही पुण्याचा एक जुना खटला पुन्हा उघडू इच्छितो. त्यात तर आरोपीविरुद्ध सारेच उघड दिसत होते.

लक्ष्मीबाई कर्वे ही पुण्यातील सधन विधवा. मधुमेहाने बराच काळ आजारी. डॉक्टर अनंत चिंतामण लागू हे त्या घरचे वैद्य आणि तिच्याच घरातील भाडेकरू. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईच्या तज्ज्ञाला प्रकृती दाखवावी म्हणून दोघे पुण्याहून आगगाडीने निघाले. पहाटे गाडी बोरीबंदरास लागली तेव्हा बाई बेशुद्ध होती. डॉक्टरांनी तिला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले आणि तेथे नाव लिहविले ते लक्ष्मीबाई कर्वे असे नव्हे, तर ‘इंदुमती पानसे’ अशा धर्तीचे एक भलतेच. दुपार होण्यापूर्वी, शुद्धीवर न येताच, ती वारली.

यापुढचे वर्तन वाचताना अंगावर काटा येतो. नातलगांना मृत्यूची वार्ता नाही. प्रेत ताब्यात घेण्यास मयताचा भाऊ येईल असे रुग्णालयास कळविले. तसा भाऊ कोणी नव्हताच. बेवारस ठरलेला देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या वाटेला लागला. इकडे पुण्यात लक्ष्मीबाईच्या नावाने पत्रे येऊ लागली, की मी दुसरा विवाह करून दूर गावी सुखाने राहते, माझा शोध करू नये. मेलेली बाई पत्रे लिहीत होती, आणि तिचा पैसा व शेअर तिच्या सहीच्या कागदांवरून डॉक्टरांच्या हाती येत होते. हे सारे उघडकीस येण्यास वर्षाहून अधिक काळ लागला.

आता सामान्य वाचकाने निर्णय द्यावयाचा तर क्षणाचा विलंब लागू नये. पण एक अडचण होती, आणि ती लहान नव्हती. प्रेताची तपासणी उशिरा झाली आणि रासायनिक परीक्षणात विष सापडलेच नाही. विष कोणते, ते कधी दिले, कसे दिले, यांपैकी एकाही प्रश्नाला प्रत्यक्ष पुराव्याचे उत्तर नव्हते. बाई आजारी होती हे तर निर्विवाद. मग ती रोगाने मेली नाही कशावरून?

सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींपुढे आले. १४ डिसेंबर १९५९ रोजी निकाल लागला तो दोन विरुद्ध एक असा. न्या. हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निर्णय लिहिला; न्या. एस. के. दास त्यांच्याशी सहमत होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: विषाचे नाव सिद्ध झालेच पाहिजे असा हट्ट धरला तर विषाची विद्या जाणणारा माणूस कधीच सापडणार नाही; वैद्यकीय पुरावा आणि आरोपीचे आधीचे व नंतरचे आचरण एकत्र पाहता नैसर्गिक मृत्यूचा तर्क टिकत नाही. न्या. सरकार यांना हे पटले नाही. मृत्यू रोगाने झाला नसेलच असे या पुराव्याने म्हणता येत नाही. आणि मृत्यूचा लाभ उठविणे वेगळे, तो घडवून आणणे वेगळे, असा त्यांच्या मताचा रोख होता. पुढे हे दोघेही न्यायमूर्ती भारताचे सरन्यायाधीश झाले, ही गोष्ट ‘सारे उघड आहे’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

आम्ही स्वतः कोणत्या बाजूस? तत्त्वाच्या प्रश्नावर बहुमताच्या. कायद्याने अडाणी मारेकऱ्याला पकडावे आणि शिकलेल्याला वाट करून द्यावी, हे कोणासही मान्य होणार नाही. शिवाय या प्रकरणात खोटे नाव मृत्यूच्या आधी दिले गेले होते, नंतर नव्हे. रोगी जगेल की मरेल हे ठाऊक नसताना तिची ओळख का पुसावी? या एका प्रश्नाला आम्हास निर्दोषपणाचे उत्तर सुचत नाही. मृत्यूनंतरची लबाडी एखाद्या संधिसाधूची म्हणून समजून घेता येईल, रुग्णालयाच्या दारातील ही लबाडी नाही. तरीही न्या. सरकारांचे मतपत्र वाचून बाजूस ठेवता येत नाही. दोषी ठरविण्यास आम्ही कचरलो नसतो. फाशीच्या कागदावर सही करताना मात्र, तिघांतील एक विद्वान अजून शंका घेत आहे हे दिसत असता, आमचा हात थांबला असता.

लागूंविरुद्ध इतके असूनही तीन न्यायालयांनी साक्षीदार, वैद्यकीय नोंदी, पत्रांतील अक्षर, गाडीच्या वेळा हे सारे वारंवार तपासले, आणि अखेरीस त्यांच्यासारख्याच्याही बाजूने बोलणारा एक न्यायमूर्ती निघाला. बजाजनगरच्या प्रकरणात जिवंत असता तर ज्याची उलटतपासणी झाली असती, ज्याच्या तोंडून सोन्याचा ठावठिकाणा आणि सहकाऱ्यांची नावे निघाली असती, किंवा ज्याने आपण त्या रात्री तेथे नव्हतोच असे सिद्धही केले असते, तो उरला नाही. ज्या उद्योजकाचे घर लुटले गेले त्याचेही यात नुकसानच झाले, हे ‘बरे झाले’ म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

पोलिसांवर आम्ही आरोप करीत नाही. रात्रीच्या अंधारात शस्त्रधारी माणसाला सामोरे जाणे म्हणजे काय, हे लेखणी चालविणाऱ्याने फार शहाणपणाने सांगू नये. पण स्वसंरक्षण हाही एक तर्कच आहे आणि तो इतर तर्कांप्रमाणेच तोलला गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी, मुंबईतील चकमकींच्या प्रकरणातच, अशा प्रत्येक मृत्यूबाबत गुन्ह्याची नोंद, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्याची चौकशी आवश्यक ठरविली ती याच कारणास्तव. बदलापूर प्रकरणातील आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलीस गाडीत गोळी लागून मेला तेव्हाही लोकांनी पेढे वाटले होते; पुढे दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पोलिसांच्या हकिकतीवरच प्रश्नचिन्ह लावले, आणि एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयास विशेष पथकाचा आदेश द्यावा लागला. पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल वाचला असेल?

बजाजनगरच्या चकमकीच्या चौकशीतील प्रत्येक कागद या शहरास वाचता आला पाहिजे: गोळी किती अंतरावरून सुटली, मृताच्या हातावर दारूचे कण मिळाले की नाही, गाडी कोणत्या दिशेने येत होती, पंच कोण होते. लक्ष्मीबाईच्या बाबतीत तपासणी उशिरा झाली म्हणून विषाचा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. येथे प्रेताची तपासणी वेळेवर झाली होती. तिच्या निष्कर्षांचा उजेड नागरिकांपर्यंत पोचविणे तेवढे सरकारच्या हाती आहे.