बाजूला होता येतं का?

मंडळी, सध्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक अर्ज फिरतो आहे. पुणे महापालिकेच्या आयुक्तांना उद्देशून लिहिलेला. मागणी अशी, की शहरात उघड्यावर कुठेही, म्हणजे रस्त्यावर, फूटपाथवर, बागेत, टेकडीवर, बसथांब्यावर, धूम्रपानाला बंदी करावी. खाली सह्यांचे रकाने आहेत आणि ते भराभर भरताहेत. माझ्याकडे आला तेव्हा मी तो दोन दिवस घरी ठेवून घेतला. (मास्तरणीची खोड! वाचल्याशिवाय सही नाही.) त्या दोन दिवसांत जे डोक्यात आलं ते इथे मांडते. पटलं तर पाहा.

आधी एक स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. सिगारेटचा धूर माझा शत्रू आहे, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. मी जन्मात कधी विडी-सिगारेट ओढली नाही, तरी आज माझ्या पर्समध्ये इनहेलर असतो. डॉक्टरांनी छातीची तपासणी केल्यावर पहिला प्रश्न विचारला, "घरात कोणी ओढत होतं का?" आमचे हे ओढायचे. लग्न १९७४ चं, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. लहानपणी आजोळी चुलीचा धूर होता, नंतर हा. माझ्या छातीत नेमका कुठला किती आहे हे काही कोणी मोजून देणार नाही. पण दुसऱ्याच्या धुराने काय होतं हे मला पुस्तकातून शिकायची गरज नाही. जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त न ओढणारी माणसं दुसऱ्यांच्या धुराने मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग सही करायला अडचण काय? सांगते.

अडचण अशी, की आपण काय मागतो आहोत हेच बऱ्याच जणांना माहीत नाही. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला आपल्याकडे बंदी आहे, आणि ती काही कालची नाही. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले होते, त्यावर २००१ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने रुग्णालयं, शाळा, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे या ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितलं. त्यानंतर २००३ चा कायदा आला. त्याचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, लागू झाले. मूळ कायद्यात 'मोकळी जागा' वगळलेली होती. पण २००८ च्या नियमांनी सांगितलं की स्टेडियम, खुलं प्रेक्षागृह, रेल्वे स्टेशन, बसथांबा या जागा छत नसलं तरी मोकळ्या समजायच्या नाहीत. अहो, म्हणजे ज्या बसथांब्यासाठी आपण सह्या करतोय तो तेव्हापासूनच बंदीत आहे!

आता स्वारगेटला जाऊन बघा. किंवा तेवढं लांब कशाला, तुमच्या जवळच्या कुठल्याही थांब्यावर पाच मिनिटं उभे राहा. दंड आहे जास्तीत जास्त दोनशे रुपये. २००३ साली कायदा झाला तेव्हा त्या दोनशेला काही किंमत होती. आज दोन माणसांचा नाश्तासुद्धा त्यात नीट होत नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये हा दंड एक हजार केला, आपल्याकडे तसं झालेलं नाही. पण खरा प्रश्न रकमेचा नाहीच. पावती फाडणारा माणूस मी स्वतः एकदाही पाहिलेला नाही. गंमत म्हणजे नियमांप्रमाणे दंड करण्याचा अधिकार फक्त पोलिसांना नाही. आपापल्या हद्दीत स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर, इतकंच काय मुख्याध्यापकसुद्धा दंड करू शकतात. किती जणांना हे ठाऊक आहे?

चौतीस वर्षं वर्ग सांभाळल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. वर्गात नियम पाचच लावावेत, पण पाचही पाळून घ्यावेत. पंचवीस नियम लावले की मुलं पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकतात, ती म्हणजे नियम भिंतीवर लावायचे असतात. मग जे पाच नियम खरोखर महत्त्वाचे होते तेही त्या गर्दीत बुडतात. शहराचंही तसंच आहे. संबंध पुण्याच्या रस्त्यांवर बंदी घातली तर ती पाळून कोण घेणार? आणि पाळली जात नसताना ती कोणावर चालणार? रात्रपाळीचा वॉचमन, मंडईतला हमाल, बांधकामावरचा गवंडी, ज्यांना फूटपाथशिवाय दुसरी जागाच नाही, त्यांच्यावर. ज्याच्याकडे बाल्कनी आहे, गाडी आहे, त्याला कोण अडवतो? आणि तीस किंवा जास्त खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला, तीस खोल्यांच्या हॉटेलला आणि विमानतळाला धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवायची मुभा त्याच कायद्यात आहे. म्हणजे ऐपत असेल तर गार हवेत बसून ओढा, नसेल तर रस्त्यावर पावती घ्या. हे मला पटत नाही.

आणखी एक. देशभरात २०१६-१७ मध्ये जी तंबाखूची पाहणी झाली तिच्यात महाराष्ट्रातल्या प्रौढांत ओढणारे निघाले ३.८ टक्के, आणि तंबाखू, मशेरी, गुटखा यांचं खाणं-लावणं करणारे २४.४ टक्के! जी सवय आपल्याला नाही तिच्यावर बंदी मागणं फार सोपं असतं हो. आमच्या संघातल्या ज्या गृहस्थांनी त्या अर्जावर सगळ्यात आधी सही केली, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी असते. नाव सांगत नाही, ते हे वाचतात.

तर मग काहीच करू नये का? मुळीच नाही. बंदी वाढवायला हवीच. पण कुठे, याची एक साधी कसोटी मला सुचते. ज्याला धूर नको आहे त्या माणसाला तिथून बाजूला होता येतं का? येत असेल तर कायद्याने मध्ये पडू नये. येत नसेल तर मात्र अगदी कडक बंदी हवी, सबबी नकोत.

ही कसोटी लावून बघा. तळजाईच्या टेकडीवर पहाटे कोणी एकटा दूर कातळावर बसून ओढतो आहे. मला दहा पावलं लांबून जाता येतं. उघड्यावर धूर लवकर विरतो, जवळ उभं राहिलं तरच तो छातीत जातो. तिथे मला कायदा नको. (थोटूक मात्र गवतात टाकायचं नाही! उन्हाळ्यात टेकड्या पेटतात त्या अशाच.) पण बसच्या रांगेतल्या बाईला बाजूला होता येत नाही, रांग जाते. बागेत घसरगुंडीजवळ असलेल्या चार वर्षांच्या पोराला होता येत नाही. इस्पितळाच्या दाराशी व्हीलचेअरवर रिक्षाची वाट पाहणाऱ्याला होता येत नाही. सोसायटीच्या जिन्यात, लिफ्टसमोर कोणालाच होता येत नाही. शाळेच्या फाटकाशी, मूल घ्यायला आलेल्या आजीला होता येत नाही. कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला मनाई केली आहे, ओढायला मनाई शाळेच्या आवारात आहे, पण फाटकाबाहेरच्या फूटपाथचं काय?

परदेशातही लोक याच प्रश्नाशी झगडताहेत. इटलीत मिलान शहराने १ जानेवारी २०२५ पासून असा नियम केला की उघड्यावरसुद्धा दुसऱ्या माणसापासून दहा मीटरच्या आत ओढायचं नाही. वाचून मला हसू आलं. लक्ष्मी रोडवर शनिवारी संध्याकाळी दहा मीटर रिकामी जागा दाखवा आणि बक्षीस मिळवा! फ्रान्सने २९ जून २०२५ पासून बागा, समुद्रकिनारे, बसथांबे आणि शाळांच्या आसपासची जागा अशी ठिकाणं धरली, कॅफेबाहेरच्या खुर्च्या सोडून दिल्या. आपल्याला यातलं दुसरं जास्त जवळचं आहे. मोजक्या जागा, नावानिशी सांगितलेल्या, ज्या शेंबड्या पोरालाही कळतील.

"आणि गाड्यांच्या धुराचं काय?" हा प्रश्न मला नक्की विचारला जाणार. खरं आहे, तोही विषारीच आहे, कोपऱ्यावर कचरा जाळतात तोही. पण एका चोराला सोडलं म्हणून दुसऱ्यालाही सोडा, असा न्याय कुठे असतो का? शिवाय मुलांच्या बागेतली सिगारेट थांबवायला ना उड्डाणपूल लागतो ना मेट्रो. एक पाटी लागते, आणि पाटीकडे बोट दाखवणारा एक माणूस.

म्हणून मी त्या अर्जावर सही केली नाही. दुसरा अर्ज लिहिला. त्यात चार मागण्या आहेत. मुलांच्या बागा पूर्णपणे, इस्पितळं आणि शाळा यांच्या फाटकांसमोरचा फूटपाथ, आणि सोसायट्यांचे जिने-लिफ्ट यांची नावं घेऊन बंदीत भर घालावी. बसथांब्यांवरची आहे ती बंदी आधी पाळून दाखवावी. धूम्रपानाच्या खास खोल्या बंद कराव्यात, म्हणजे नियम सगळ्यांना सारखा होईल. आणि दंड कोण करणार ते त्याच पाटीवर लिहावं. अध्यक्षांना तो फारसा आवडला नाही, "बाई, तुम्ही अर्धवट मागताय" म्हणाले. असो. पूर्ण मागून शून्य मिळण्यापेक्षा अर्धं मिळालेलं बरं.

तरी एक कोपरा उरतोच. माझ्या छातीला जिथे धूर लागला तिथे, म्हणजे स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामध्ये, कुठल्याही महापालिकेची पाटी लागणार नाही आणि लागूही नये. पण एक सांगते. २००८ मध्ये यांच्या कचेरीत ॲश-ट्रे उचलले गेले. तोवर जिथे काम तिथेच सिगारेट असायची, आता जिना उतरून खाली जावं लागू लागलं. काही महिन्यांनी हे घरातही, मी न सांगता, गच्चीवर जाऊ लागले. सिगारेट काही सुटली नाही, २०१४ साली गेले तोवर होतीच. पण चार भिंतींत, दुसऱ्याच्या अंगावर ओढायची नसते, ही गोष्ट माझ्या चौतीस वर्षांच्या बोलण्याने जमली नाही ती कचेरीतल्या एका पाटीने जमवली. दंड त्यांना कधीच झाला नव्हता. फक्त काय रीत आहे आणि काय नाही, ते बदललं होतं.

कायदा घरात येत नाही. पण बाहेर पडलेली रीत माणसाच्या पायाला लागून घरात येते. म्हणून बाहेरचे नियम थोडे असावेत, न्याय्य असावेत, आणि खरोखर पाळले जाणारे असावेत, एवढंच माझं म्हणणं.