दुसरी नळी कशाला?

मुलांनो, शरीरात विषाणू शिरला की बाधा झालेली पेशी शेजारणींना सावध करते. कशाने? इंटरफेरॉनने! १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी तो शोधला. त्याचाच एक प्रकार रक्तातल्या शिपाई-पेशींना चेव आणतो. नुकत्याच जन्मलेल्या शिंगरांत हा प्रकार फार कमी बनतो. मग फुफ्फुसाचा आजार त्यांच्या जिवावर बेतू शकतो.

बाहेरून इंटरफेरॉन दिला तर? घोड्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून दोन नळ्यांत ठेवतात. एकीत इंटरफेरॉन घालतात, दुसरीत नाही. दोन्हींत जंतू सोडतात आणि किती उरले ते मोजतात.

दुसरी नळी कशाला? अरे, ती नसेल तर जंतू इंटरफेरॉनमुळे मेले की आपोआप, हे कळणार कसं? तुमच्या प्रयोगातही अशी ‘दुसरी नळी’ ठेवा बरं का!