राखेवर फुलं वाहू नका, हिशोब मागा

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी मी खासबागेच्या बाजूला पोचलो तेव्हा बंबाचं काळं पाणी अजून रस्त्यावरून वाहत होतं. छप्पर खाली आलं होतं. उभा जन्म पडदे ओढण्यात घालवलेला एक म्हातारा रंगमंच कामगार भिंतीला हात टेकून रडत होता. त्याचं रडणं खरं होतं. त्याच्या शेजारी कॅमेऱ्यापुढे हळहळणाऱ्यांना मात्र मी तेव्हाही ओळखत होतो, आजही ओळखतो. वर्षानुवर्षं ते फक्त पहिल्या रांगेतल्या पासापुरते नाट्यगृहाचे होते.

शाहू महाराजांनी १९१५ साली हे पॅलेस थिएटर उभं केलं, तेही कुस्तीच्या खासबाग मैदानाला लागून. पैलवान आणि नट, दोघांनाही राज्याने पोसायचं असतं हे त्या राजाला कळत होतं. १९५७ साली थिएटरला केशवरावांचं नाव दिलं. ज्यांनी १९२१मध्ये बालगंधर्वांसोबत संयुक्त ‘मानापमान’ करून टिळक स्वराज्य फंडासाठी पैसा उभा केला, तेच हे केशवराव. देशाला गरज पडली तेव्हा नाटकवाल्यांनी आपसातली स्पर्धा बाजूला ठेवली. त्यांचं घर जळाल्यावर ‘आता नाटक बघतो कोण?’ असं विचारणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत त्यांनी इथे तिसऱ्या घंटेला उभं राहून बघायला हवं होतं.

सरकारने २० कोटी जाहीर केले. चांगलं झालं. पण घोषणेने छप्पर चढत नाही. आणि चढलं तरी कसलं चढणार, हा खरा प्रश्न आहे. हे नाट्यगृह बांधलं तेव्हा माईक नव्हता. नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेणं हे भिंतींचं आणि छताचं काम होतं. ते न समजता कुणी फॉल्स सीलिंग ठोकून, गुळगुळीत फरशा बसवून ‘अत्याधुनिक’ म्हणून फीत कापायला निघाला, तर त्याला दारातच अडवलं पाहिजे. पुण्यात १९६८चं बालगंधर्व रंगमंदिर पाडायचा घाट घातला, तेव्हा कलाकार आणि प्रेक्षक विरोधात उभे राहिले. तीच धार इथे हवी.

मी हौशी नट. गेल्या हिवाळ्यात दुसऱ्याच एका गावी प्रयोग होता. विंगेतल्या आग विझवायच्या सिलिंडरवर आमच्या राजाचा अंगरखा टांगला होता. तो बाजूला केला, तर सिलिंडरची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली. व्यवस्थापकाला दाखवलं. तो म्हणाला, “वर कळवलंय.” आम्ही प्रयोग केला, टाळ्या घेतल्या आणि एसटीने घरी आलो. ही चूक माझीसुद्धा आहे. त्या रात्री मी पडदा उघडू द्यायला नको होता.

म्हणून मागणी साधी आहे. केशवरावच्या बांधकामावर देखरेख करायला नट, प्रकाशयोजनाकार आणि पडदा ओढणारे कामगार बसवा. झालेला खर्च दर महिन्याला दारावर लावा. आणि राज्यातल्या प्रत्येक नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर फायर ऑडिटची तारीख चिकटवा. ती तारीख उलटली असेल, तर नटाने रंग लावू नये आणि प्रेक्षकाने तिकीट काढू नये.